कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी शिकायचीय, पण प्रोब कोणाच्या हातात असतो ते आधी बघ

तुझं पत्र वाचलं. आईच्या स्तनात गाठ लागली, हाताच्या शिरेतून इंजेक्शन देऊन सोनोग्राफी केली (हीच कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी), तू शेजारी उभी राहून स्क्रीन बघत होतीस आणि आता तुला हेच काम करायचंय. नीटला मार्क कमी पडले म्हणून एका इन्स्टिट्यूटचा एक वर्षाचा ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ डिप्लोमा करू का, असं विचारलंयस. तर आधी हेच सांगते, तिथे फी भरू नकोस.

कारण आपल्याकडे सोनोग्राफी डॉक्टरच करतात, अंगावर फिरवायचा तो प्रोब त्यांच्याच हातात असतो. गर्भलिंग निदान थांबावं म्हणून १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आला, महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता, आणि मशीनची नोंदणी, ते कोणी चालवायचं, सगळं त्यात बांधलेलं आहे. परदेशात सोनोग्राफर हा वेगळा पेशा आहे, अमेरिकेत तर स्तनाच्या सोनोग्राफीची वेगळी परीक्षा असते, ते व्हिडिओ बघून मुलं इथे फसतात.

आता तू जे पाहिलंस त्याबद्दल. त्या इंजेक्शनमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे बुडबुडे असतात, रक्तातल्या लाल पेशीपेक्षाही लहान, त्यामुळे ते बारीक रक्तवाहिन्यांतूनही जातात, पण रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत, आणि वायू नंतर श्वासावाटे निघून जातो, किडनीवर भार नाही. मशीनची पॉवर मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर बुडबुडे फुटतात. स्क्रीनवर एका बाजूला साधी इमेज, दुसऱ्या बाजूला उजळत जाणारी गाठ. कॅन्सरची गाठ बऱ्याचदा साध्या इमेजपेक्षा मोठी दिसते, कडेने खेकड्याच्या नांगीसारख्या रक्तवाहिन्या दिसतात, मधे काही भाग काळा राहतो. पण साधा फायब्रोॲडेनोमाही, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठही, कधीकधी जोरात उजळते, म्हणून यावरून शेवटचा निकाल देत नाहीत, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), साधी सोनोग्राफी आणि शंका असेल तर बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) हाच नेहमीचा मार्ग. आईच्या रिपोर्टमध्ये बायॉप्सी लिहिली असेल तर प्लीज टाळू नका.

हेच काम हवं असेल तर एमबीबीएस, मग रेडिओलॉजीत एमडी किंवा डीएनबी ही पुढची पदवी, आणि त्यानंतर ब्रेस्ट इमेजिंगचं वेगळं ट्रेनिंग. रस्ता लांब आहे पण तुझी खरी ओढ असेल तर नीटची परीक्षा पुन्हा एकदा द्यायला हरकत नाही, घरच्यांशी बोलून वर्षाची मुदत मात्र आधीच ठरवून घे.

नाहीतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅनची मशीन चालवणाऱ्या टेक्निशियनचा पदवी कोर्स, बघ. मला तुझ्यासाठी हे मनापासून आवडेल, कारण मॅमोग्राफी टेक्निशियन स्वतः करते, पेशंट घाबरलेली असते, स्तन प्लेटमध्ये दाबताना दुखतं, तिला धीर देत पोझिशन नीट नाही घेतली तर गाठ फिल्मच्या बाहेर राहू शकते. बायकांना तिथे बाईच हवी असते. सीटी, एमआरआयही याच शिक्षणातून चालवता येतं. गणित घेतलं असशील आणि बुडबुडे उजळतात कसे हेच डोक्यात बसलं असेल तर बायोमेडिकल इंजिनिअरिंगचाही विचार कर.

या आठवड्यात आईची तपासणी झाली तिथल्या टेक्निशियन मॅडमना भेट. दिवसभर कोणतं मशीन चालवता, कोर्स कुठून केला, आणि तिथे सोनोग्राफीला प्रोब कोण धरतं, एवढं विचार आणि मग मला लिही.