जहाज बदल, पण कॅमेऱ्याला हात लावू नकोस

अगं पोरी,

मेल मिळाला, टेस्ट शॉट बघितले, आवाज बंद करून परत एकदा बघितले. तुझा प्लॅन कळला. जुन्या साय-फाय मालिकेतले मॉडेलचे शॉट घ्यायचे, त्यातलं प्लॅस्टिकचं जहाज काढून तुझं सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं, जहाज बसवायचं, आणि डावीकडे जुनं उजवीकडे नवं असं शोरीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत, लावायचं. चांगला आहे, कर. फक्त मेलमध्ये मधेच एक वाक्य टाकलंयस ना, की तेव्हा बिचाऱ्यांकडे कॉम्प्युटर नव्हता म्हणून खेळण्यांवर भागवत होते, त्यावर जरा बोलायचंय, कारण तुझ्या शॉटमध्ये जे खटकतंय ते त्या वाक्यातूनच आलंय असं मला वाटतं.

मॉडेलिंग छान झालंय, टेक्श्चरला, म्हणजे वरच्या रंगरूपाला, नावं ठेवायला जागा नाही. पण तुझा कॅमेरा जहाजाच्या पोटाखालून निघतो, इंजिनाला वळसा घालतो, एका खिडकीत डोकावतो आणि मागे येऊन अख्खं जहाज दाखवतो, आणि हे सगळं चार सेकंदांत. किलोमीटरभर लांब वस्तूभोवती चार सेकंदांत फिरायचं म्हणजे एकतर कॅमेरा बंदुकीच्या गोळीसारखा सुटलाय नाहीतर ती वस्तूच हातभर आहे, आणि बघणाऱ्याचं डोकं दुसरा पर्याय निवडतं, दरवेळी. म्हणजे गंमत बघ, खरं खेळणं ज्यांच्याकडे होतं त्यांचं जहाज मोठं वाटायचं आणि तुझ्याकडे खेळणं नाहीये तर तुझं जहाज खेळण्यासारखं दिसतंय.

त्यांचं मोठं का वाटायचं, तर त्यांना दुसरा इलाजच नव्हता. स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन १९८७ ला सुरू झाली तेव्हा त्यातल्या एंटरप्राइज जहाजाचं मोठं मॉडेल साधारण ६ फुटांचं होतं. असं मॉडेल मोशन कंट्रोलवर शूट करायचं म्हणजे काय ते नीट डोळ्यांसमोर आण. जहाज एका दांड्यावर बसवलेलं, मागे मॅटसाठी (जहाज मागच्या चित्रापासून वेगळं कापून काढण्यासाठी) पडदा, कॅमेरा रुळांवर, आणि त्याची एकूण एक हालचाल मोटरना पाठ करून दिलेली. पहिल्या फेरीत मेन लाईट लावून नुसतं जहाजाचं अंग शूट करायचं. मग सगळे लाईट बंद, स्टेजवर अंधार, फक्त जहाजाच्या आतले खिडक्यांचे दिवे चालू, आणि कॅमेरा परत पहिल्या जागेवरून तीच्या तीच हालचाल करणार, यावेळी प्रत्येक फ्रेमला एक्स्पोजर लांबवून, कारण ते दिवे मिणमिणते. मग इंजिनाच्या उजेडाची वेगळी फेरी. मग मॅटची फेरी, ज्यात जहाजाची नुसती आकृती मिळते. छोट्या वस्तूचं नाकापासून शेपटीपर्यंत सगळं फोकसमध्ये हवं तर लेन्सचं भोक बारीक ठेवावं लागतं, भोक बारीक म्हणजे उजेड कमी, म्हणून कॅमेरा मुंगीच्या पावलांनी सरकणार. फेऱ्यांच्या मधे कोणाचा धक्का लागून मॉडेल केसभर हललं तरी सगळं मुसळ केरात, पहिल्यापासून सुरुवात. तू आज सॉफ्टवेअरमध्ये ब्यूटी (नुसतं अंग), मॅट, एमिशन (दिव्यांचा उजेड) असे पास, म्हणजे फेऱ्याच, वेगळे काढतेस आणि कॉम्पमध्ये, म्हणजे एकावर एक रचून, जोडतेस ना, ती सगळी रीत तिथली आहे, तुला ती आयती मिळालीये.

तर इतका घोळ घालून एक शॉट निघत असेल तर माणूस आधी कागदावर ठरवतो की मला नक्की काय दाखवायचंय. त्यात रुळांची लांबी ठरलेली, दांडा ज्या बाजूला आहे ती बाजू दाखवायची नाही. म्हणून कॅमेऱ्याची हालचाल साधी, एक सरळ रेघ किंवा एक वळण, बस. आणि जहाज हळूहळू फ्रेमभर पसरत जातं, संपतच नाही, आणि आपल्याला वाटतं बापरे केवढं आहे हे. मूळच्या साठच्या दशकातल्या स्टार ट्रेकचं ११ फुटी मॉडेल तर एकाच बाजूने पूर्ण केलेलं होतं, दिव्यांच्या वायरी दुसऱ्या बाजूने आत जायच्या, म्हणून ते उजव्या बाजूनेच दाखवायचे. ते मॉडेल आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तर अडचणीतून शिस्त आली असं म्हण. तुला ती अडचण नाहीये, म्हणून ती शिस्त तुला मुद्दाम आणावी लागणार, दुसरं काही नाही.

पण म्हणून मॉडेलवाल्यांच्या भजनी लागू नकोस. काही लोक असतात, पूर्वीचं ते सगळं खरं आणि आत्ताचं सगळं प्लॅस्टिक असं म्हणणारे (प्लॅस्टिक तर तेव्हाचंच होतं!), त्यांचं ऐकायचं आणि सोडून द्यायचं. सीजी आलं ते नीट कारणं घेऊन आलं. टीव्हीला दर आठवड्याला एपिसोड लागतो, आणि वर सांगितलेला घोळ तुला एका जहाजासाठी घालायचा तर पन्नास जहाजांची लढाई कशी दाखवणार? नेक्स्ट जनरेशनमध्ये १९९० साली वुल्फ ३५९ ची लढाई आहे, अख्खं आरमार बुडतं त्यात. त्या एपिसोडमध्ये लढाई दिसतच नाही, एंटरप्राइज पोचते तेव्हा सगळं संपलंय आणि समोर फक्त तुटक्या जहाजांचा ढिगारा तरंगतोय. सीन जबरदस्त आहे, मला तर दाखवलेल्या लढाईपेक्षा तोच जास्त आवडतो, पण लढाई न दाखवण्यामागे मॉडेल, वेळ आणि पैसा हे गणित असणारच. आणि मग सातच वर्षांनी, १९९७ मध्ये, डीप स्पेस नाइन या दुसऱ्या स्टार ट्रेक मालिकेत शेकडो जहाजं एकमेकांवर तुटून पडतात आणि त्यातली बरीचशी कॉम्प्युटरमधली आहेत. लेखकाला आता लिहिताना हात आखडता घ्यावा लागत नव्हता, हा फरक लहान नाही.

या दोघांच्या मधे बॅबिलॉन ५ आहे आणि ती तू बघितलीच पाहिजेस, दिसायला जुनाट वाटली तरी. १९९३ चा पायलट, म्हणजे सुरुवातीचा नमुन्याचा एपिसोड. फाउंडेशन इमेजिंग नावाची छोटी कंपनी, रॉन थॉर्नटन त्यातला मुख्य माणूस, आणि मशीन कुठली तर अमिगा, व्हिडिओ टोस्टरचं कार्ड लावलेली, सॉफ्टवेअर लाइटवेव्ह. म्हणजे घरात ठेवतात तसले कॉम्प्युटर. त्यावर त्यांनी बाह्य अवकाशातली सगळी दृश्यं केली आणि त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. पण मला त्यात सगळ्यात आवडतं ते स्टारफ्युरीचं उडणं. ते लढाऊ यान पुढे जात असताना जागच्या जागी गर्रकन उलटं फिरतं आणि पाठलाग करणाऱ्यावर मारा करतं, सरकतंय मात्र अजून त्याच दिशेला, कारण हवा नाही तर नाक ज्या दिशेला त्याच दिशेला उडायची सक्ती कशाला. दांड्यावरच्या मॉडेलला हे करायला लावायचं म्हणजे डोक्याला ताप. म्हणजे त्यांनी कॉम्प्युटर घेऊन मॉडेलची नक्कल केली नाही, मॉडेलला जमत नव्हतं ते केलं, आणि तेही उगाच नाही, भौतिकशास्त्राला धरून.

आता तुझ्या कामाचं. तू करतेयस ते नवीन मालिका नाही, जुन्यातलं काढून नवं बसवणं आहे, आणि ही वेगळीच जात आहे. ब्रिटिश कॉमेडी रेड ड्वार्फचं उदाहरण घे. १९९८ मध्ये पहिल्या तीन सीझनची रीमास्टर केलेली आवृत्ती काढली, मॉडेलचे शॉट काढून सीजी टाकलं, वर जहाजाचा आकारच बदलून लांबुळकं केलं. प्रेक्षकांना ते काही फारसं रुचलं नाही. आणि २०१२ ला नवा सीझन आला तेव्हा परत मॉडेलं घेऊन आला. १९९८ चं ते सीजी आज बघ आणि १९८८ चं मॉडेल बघ, कुठलं जुनं वाटतं ते तूच सांग. याउलट २००६ पासून मूळ स्टार ट्रेकमध्ये सीजी बसवलं तेव्हा जहाज तेच ठेवलं, रंगरूप तेच, एपिसोडचा एडिट तोच. त्यावरही कुरकुर झाली, होणारच, पण निदान कोणाला आपलं जहाज चोरीला गेल्यासारखं वाटलं नाही.

म्हणून मूळ शॉट जितक्या फ्रेमचा आहे तितक्याच फ्रेमचा तुझा हवा. एक जास्त नाही, एक कमी नाही. त्यावर संगीत बसलंय, पुढच्या शॉटमधला नट खिडकीबाहेर ज्या बाजूला बघतोय ती बाजू ठरलीये, जहाज डावीकडून उजवीकडे गेलं तर तुझंही तसंच जाणार. मेन लाईट कुठून येतोय ते मूळ फ्रेममध्ये सावल्या बघून काढ, अंदाजाने लावू नकोस.

आणि कडा! हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी करत नाही. तुझ्या जहाजाच्या सगळ्या कडा ब्लेडसारख्या आहेत. खऱ्या वस्तूला अशी कड नसते, मॉडेल पॉलिश पेपरने घासलेलं असतं, त्यावर रंगाचे थर असतात, कड किंचित गोल असते आणि त्या गोलाईवर उजेडाची एक बारीक रेघ चमकते. त्या रेघेवरून डोळ्याला कळतं की ही घन वस्तू आहे. प्रत्येक कडेला बेव्हल, म्हणजे किंचित गोलाई, दे, बारीकच, दुरून दिसणार नाही इतका, पण दे. तसंच अंगाचं. एंटरप्राइज-डीच्या, म्हणजे नेक्स्ट जनरेशनमधल्या जहाजाच्या, पत्र्यावर दोन अगदी जवळजवळच्या छटांचे चौकोन-पट्टे रंगवलेले आहेत, समोरून फारसे दिसत नाहीत, पण जहाज वळलं की उजेड तुकड्या-तुकड्याने सरकतो आणि पृष्ठभाग अवाढव्य वाटायला लागतो. तुझ्या टेक्श्चरमध्ये रंग भरपूर आहे, पण चमक सगळीकडे एकसारखी आहे, रफनेसचा मॅप (कुठे किती चमक ते सांगणारं चित्र) बहुतेक तू लावलाच नाहीस.

स्फोट केलास तर वेगाकडे बघ. मिनिएचरवाले स्फोट आणि पाणी जास्त फ्रेमरेटने शूट करून हळू दाखवायचे. साधा हिशोब असा की मॉडेल खऱ्याच्या जितका भाग आहे त्याचं वर्गमूळ काढायचं, म्हणजे १:२५ चं मॉडेल असेल तर ५ पट, २४ च्या जागी १२० फ्रेम. थंडरबर्ड्स या बाहुल्यांच्या मालिकेत डेरेक मेडिंग्जने १९६५ सालीच हाय-स्पीड कॅमेरे लावून हे केलंय आणि ते धुराचे लोट अजून भारी दिसतात. तुझ्या सिम्युलेशनमध्ये धूर फटाक्यासारखा फटकन् विरतो, म्हणजे पुन्हा जहाज हातभर.

कॅमेरा कायम रुळांवरच ठेव असंही नाही हं. फायरफ्लाय, आणि मग नवीन बॅटलस्टार गॅलॅक्टिका, यांनी सीजीमध्ये हातात धरलेला कॅमेरा आणला, तो हलतो, जहाज शोधतो, उशिरा झूम करतो, फोकस चुकतो आणि मग सापडतो. पण तिथेही कॅमेरा कोणीतरी धरलाय, त्या माणसाला पुढे काय होणार ते माहीत नाही. तुझा कॅमेरा कोणी धरलाय ते तू ठरव, मग तो काय करू शकतो ते आपोआप ठरेल. आणि द मँडलोरियनसारख्या मालिकेत, जिथे पैसा आणि तंत्र दोन्हीला तोटा नव्हता, तिथेही रेझर क्रेस्ट या यानाचं खरं मॉडेल बनवलं आणि इफेक्ट्सवाल्या जॉन नॉलने त्याच्यासाठी मोशन कंट्रोलचा रिग, म्हणजे कॅमेरा हलवणारा सांगाडा, स्वतः जुळवला. काही शॉट त्यावर घेतले, बाकीचं सीजी त्याच्याशी जुळवलं. म्हणजे भांडण असलंच तर बाहेरच्यांचं, काम करणाऱ्यांचं नाही.

अजून एक, हे कंटाळवाणं आहे पण वाच. नेक्स्ट जनरेशनचे मॉडेल शॉट ३५ एमएम फिल्मवर होते. एपिसोड तेव्हा व्हिडिओवर जोडले गेले, त्यामुळे वर्षानुवर्षं ते धूसरच दिसले, पण मूळ निगेटिव्ह जपलेल्या होत्या, म्हणून २०१२ पासून त्या सगळ्या फेऱ्या स्कॅन करून परत कॉम्प करता आल्या आणि मालिका एचडीमध्ये आली. बॅबिलॉन ५ चं उलटं झालं. नटांची दृश्यं रुंद पडद्याचा विचार करून शूट केली होती, पण सीजी जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं, तेवढ्याच रिझोल्यूशनचं, आणि पुढे मूळ फाईली हाताशी राहिल्या नाहीत. डीव्हीडीला रुंद करताना वरून-खालून कापून ताणावं लागलं, बोलणं चालू असताना चित्र स्पष्ट आणि जहाज आलं की धुकं. शेवटी २०२१ ला परत चौकोनी मापातच रीमास्टर आलं. तर प्रोजेक्ट बंद करताना सीन फाईल, टेक्श्चर, कुठल्या व्हर्जनमध्ये केलं ते, सगळं एका फोल्डरमध्ये, आणि दुसरी कॉपी दुसऱ्या डिस्कवर. नुसता रेंडर, म्हणजे शेवटचं तयार चित्र, ठेवून चालत नाही.

आता पुढचं काम. कुठलंही एक खेळण्यातलं यान घे, मागे काळं कापड, खोलीत अंधार, एकच टेबल-लॅम्प. फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवून हळूहळू सरकव आणि शूट कर. लॅम्प डोक्यावर, बाजूला, मागे असा फिरवून बघ यान कधी मोठं वाटतं आणि कधी लहान. मग तोच शॉट सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा उभा कर, तीच लेन्स, तोच लाईट. हे जमलं की मगच मालिकेच्या शॉटला हात लाव.

पहिला शॉट मला ग्रे शेडमध्येच पाठव, टेक्श्चर अजिबात नको, नुसता कॅमेरा आणि लाईट बघायचाय. आणि फाईलच्या नावात मूळ शॉटच्या फ्रेम किती ते लिही, यावेळी मला मोजत बसावं लागलं.

तुझा,
सर