प्यादं परत मिळतच नाही, मग दिलं कशासाठी?

प्रश्न : २०१७ साली अल्फाझीरो या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमने स्टॉकफिश या दुसऱ्या प्रोग्रॅमविरुद्ध क्वीन्स इंडियन या सुरुवातीच्या डावात ७. डी५ खेळून प्यादं सोडलं. ७...ई×डी५ ८. घोडा एच४ सी६ ९. सी×डी५ घोडा×डी५ १०. घोडा एफ५ या स्थितीत पांढऱ्याचं एक प्यादं कमी आहे. मोबाइलवर इंजिन (चालींचं विश्लेषण करणारा प्रोग्रॅम) लावलं तर पुढच्या चालींत ते प्यादं परत मिळताना दिसत नाही, तरी त्याचा आकडा (अधिक म्हणजे पांढरा वरचढ, उणे म्हणजे काळा) काळ्याकडे फारसा झुकत नाही. याचं विश्लेषण कसं करावं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आकडा थोडा वेळ झाकून ठेवा आणि पट बघा. काळ्याचं ई-प्यादं गेलं, म्हणजे ई६वरून एफ५च्या घोड्याला हुसकणारं प्यादं आता उरलं नाही. त्याला हाकलायला एकच प्यादं आहे, जी६. पण ते पुढे गेलं की एच६ आणि एफ६ ही घरं उघडी पडतात. बी७चा उंट स्वतःच्याच सी६च्या प्याद्यावर अडलाय. बी८च्या घोड्याचं हक्काचं घर सी६, तेही त्याच प्याद्याने अडवलंय. एका प्याद्याची भरपाई म्हणतात ती ही.

आता इंजिनला नेमका प्रश्न विचारा. दहाव्या चालीनंतर काळ्याला ‘पास’ द्या, म्हणजे त्याची चाल वगळून पुन्हा पांढऱ्याला खेळू द्या. बहुतेक प्रोग्रॅममध्ये धमकी दाखवण्याची सोय असते, ती हेच करते. ई४ ही चाल तपासा. त्याने डी५चा घोडा हलतो, वजिराला जी४ची वाट मोकळी होते आणि जी७वर वजीर-घोडा दोघांचा मारा येतो. अल्फाझीरोच्या डावात नेमकं हेच झालं : १०...घोडा सी७ ११. ई४ डी५ १२. ई×डी५ घोडा×डी५ १३. घोडा सी३ घोडा×सी३, आणि आता घोडा परत न मारता १४. वजीर जी४! जी७वर मात आहे, म्हणून १४...जी६. मग १५. घोडा एच६ शह, राजा जी७, आणि तेव्हा कुठे १६. बी×सी३. जी६ हीच चाल काळ्याला खेळायला लावायची होती. ही चौदावी चाल पटावर सोंगट्या मांडून दहा मिनिटं बघण्यासारखी आहे.

यंत्राकडची काळजी : लॅपटॉप असेल तर तोच वापरा. एप्रिल-मेच्या दुपारी फोन तापतो, प्रोसेसर मंदावतो आणि तेवढ्याच वेळात डेप्थ (किती चाली पुढचं पाहिलं ते) कमी मिळते. स्टॉकफिशचा हॅश, म्हणजे शोधलेलं लक्षात ठेवायची जागा, मुळात १६ एमबी असतो. तो भरला की आधी शोधलेलं पुसलं जातं आणि मागे-पुढे करताना आकडा हेलकावे खातो. १०२४ एमबी ठेवा. ओळी (इंजिनने सुचवलेले चालींचे क्रम) तीनच दाखवा. दहा ओळी मागितल्या तर वेळ सगळ्यांत वाटला जातो आणि मुख्य ओळ उथळ राहते.

दाखवलेल्या लांबलचक ओळीच्या शेपटावर विश्वास ठेवू नका. शेवटच्या चाली जेमतेम तपासलेल्या असतात. आठ-दहा चाली स्वतः पुढे जा, तिथे इंजिनला दोन मिनिटं द्या, मग एकेक चाल मागे या. आकडा बदलतो तो बहुधा याच परतीच्या वाटेवर. काळ्याने हावरटपणा न करता प्यादं परत देऊन घोडे-उंट बाहेर काढले तर काय होतं, तेही मुद्दाम खेळून पाहा. असल्या बळीची, म्हणजे मुद्दाम सोडलेल्या प्याद्याची, खरी परीक्षा तिथे असते.

आणखी एक चाचणी. बोर्ड एडिटरमध्ये एफ५चा घोडा आणि ई७चा उंट दोन्ही उचला. आकडा काळ्याकडे घसरला, तर भरपाईचा मोठा वाटा त्या घोड्यात होता. इथे फक्त दिशा पाहायची, दशांश मोजायचे नाहीत.

प्रश्न : +१.०० म्हणजे एका प्याद्याचा फायदा ना? मग प्यादं देऊनही +०.४ कसं येतं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : आता तसं नाही. २०२२च्या अखेरीस आलेल्या स्टॉकफिश १५.१पासून +१.०० म्हणजे इंजिन विरुद्ध इंजिन डावात जिंकण्याची शक्यता साधारण ५० टक्के. त्यामुळे जुन्या आवृत्तीचे आकडे नव्याशी ताडून पाहू नका; दोन वेगळ्या इंजिनांचे तर नाहीच. सोय असेल तर विजय-बरोबरी-पराभव ही टक्केवारी चालू करा, ती जास्त बोलकी आहे.

प्रश्न : असा बळी शाळेच्या रॅपिड (कमी वेळेच्या) स्पर्धेत खेळावा का?
– एक पालक, गंगापूर रोड

उत्तर : मुलांना त्या स्थितीपासून घड्याळ लावून दोन्ही बाजूंनी चार-चार डाव खेळू द्या. वजिरांची अदलाबदल झाल्यावरही पांढऱ्याकडे काय उरतं हे त्यांना सांगता येत नसेल, तर अजून थांबा. बहुतेक डाव तिथेच हातचे जातात : दडपण ओसरतं आणि एका प्याद्याने हरलेला अंतिम भाग शिल्लक राहतो.