आधी ऑपरेशनची तारीख, मग एमआरआय

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

बायॉप्सीत स्तनाचा कॅन्सर आला की शस्त्रक्रियेआधी सरसकट एमआरआय करून घ्यावा का, असं तू विचारलंस. सरसकट तर नाहीच. ‘एकदा सगळं दिसून जाऊ दे’ ही तुझी घालमेल मात्र समजते. स्वतःच्या सहीवर ऑपरेशन करायला लागलं की असं वाटतंच.

एमआरआयमध्ये भरपूर दिसतं, गोम तिथेच आहे. मॅमोग्राफी-सोनोग्राफीत न सापडलेला रोग त्यात साधारण 16 टक्के बायकांमध्ये सापडतो, असं 2008 सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात आलं. पण त्यातच दर तीन संशयित जागांपैकी एक निरुपद्रवी निघाली होती. ती कुठली, हे आधी कळत नाही ना! मग पुन्हा सोनोग्राफी. तिथे नाही दिसली तर एमआरआयखालीच बायॉप्सी, आणि ती सोय पुण्यातही प्रत्येक सेंटरला नाही. तोवर पेशंट इंदापूरला परत गेलेली असते. घरात कुणीतरी म्हणतं, एकदा परळला टाटामध्ये दाखवून येऊ. सरकारी आरोग्य योजनेतून करायचं असेल तर मंजुरीचे दिवस वेगळे. आणि या सगळ्यात धास्तावलेला नवरा केबिनमध्ये येऊन सांगतो, “मॅडम, सगळंच काढून टाका.” लहानशा गाठीसाठी अख्खा स्तन जातो तो कधी कधी असा, भीतीपोटी.

बरं, एवढं करून हाती काय लागतं? ब्रिटनमधल्या कॉमिस चाचणीत 1,623 बायका होत्या. साधारण निम्म्यांचा एमआरआय केला, उरलेल्यांचा नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, 19 टक्क्यांच्या आसपास. 2010 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, तरी ‘करून टाकू’ची सवय काही गेली नाही.

उशिराचं म्हणशील तर 2020 सालच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या विश्लेषणानुसार कॅन्सरची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो. हा आकडा सापेक्ष आहे. शंभरातल्या आठ जणी जास्त दगावतात असा त्याचा अर्थ नाही, तेव्हा तो तोंडावर फेकून कुणाला घाबरवू नकोस. आठवडा-दहा दिवसांनी आभाळ कोसळत नाही. आठवड्याला आठवडा जोडला जातो आणि ते मोजणारं कुणी नसतं, माझी काळजी ती आहे.

लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींतला) कॅन्सर असेल, काखेत गाठ आहे पण स्तनात काहीच सापडत नसेल, स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष असेल, आधी केमो द्यायची असेल, किंवा हाताला लागणारी गाठ आणि मॅमोग्राफीच्या फिल्मवरची गाठ यांचा मेळच बसत नसेल, तर एमआरआय जरूर कर. तिथे हात आखडू नकोस. रोग अंगभर कुठे पसरलाय का ते पाहणाऱ्या पेट स्कॅनचं निराळं. लवकर सापडलेल्या, पसरल्याची काही लक्षणं नसलेल्या रोगात तो नेहमीचा भाग नाही. नातेवाईक हट्ट करतात म्हणून लिहून देऊ नकोस.

फॉर्मवर नुसतं ‘ऑपरेशनपूर्व एमआरआय’ असं खरडू नकोस. तुला काय ठरवायचंय ते रेडिऑलॉजिस्टला लिही. लिहायला काही सुचलं नाही तर फॉर्म फाडून टाक. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन आधीच्या रक्ततपासणीतच उरकून घे, नाहीतर एमआरआयच्या कॉन्ट्रास्ट इंजेक्शनसाठी आणखी एक हेलपाटा. संशयित जागा दिसू शकते आणि ती कॅन्सरच असेल असं नाही, हे बाईंना मशीनमध्ये जाण्याआधीच सांग, आणि त्या जागेची बायॉप्सी झाल्याशिवाय ऑपरेशनचा बेत बदलू नकोस. मुख्य म्हणजे एमआरआय लिहून देशील त्याच दिवशी ऑपरेशन थिएटरची तारीख वहीत घाल. स्कॅन त्या तारखेच्या आत बसवायचा, स्कॅनसाठी तारीख सरकवायची नाही.

भाद्रपदात ‘पितृपक्ष संपू दे’ हे हमखास ऐकशील. वाद घालू नकोस. कालनिर्णय पुढ्यात ठेव, बायॉप्सीच्या दिवसापासून किती आठवडे झाले ते त्यांच्याकडूनच मोजून घे, आणि पक्ष लागण्याआधीची एक आणि घटस्थापनेची एक, अशा दोन तारखा दे. बहुतेक जण आधीची घेतात.