ऑफिस पीसीच्या एसएमपीएसचा प्लग कापू नका दादा, आधी पिना मोजा

नमस्कार दादा. तुम्ही लिहिलंय की वसमतला आयटी कंपनीच्या लॉटमधला (एकगठ्ठा विकलेल्या जुन्या मशीनमधला) चौथ्या जनरेशनच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा पीसी घेतला, बारक्या कॅबिनेटचा, पोरीला व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय म्हणून त्यात ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, अन् त्यासाठी आणलेल्या 450 वॅटच्या एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) प्लग मदरबोर्डाला बसंना. दुकानदार म्हणतोय "प्लग कापून वायरी जोडून देतो, तीनशे रुपये होतील." हे शेवटचं वाक्य वाचलं अन् हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. लांबेल जरा, पण वाचा.

आधीच सांगतो, मी हार्डवेअर इंजिनियर नाही. सेलूला फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या शूटिंगा करतो, एडिटिंग घरीच. जे सांगायलोय ते माझ्या मशीनवर झालेलं अन् नंतर वाचून, विचारून समजलेलं आहे. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर तपासून घ्या. रॅम कशी बसवायची, एसएसडीवर विंडोज कसं टाकायचं हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतच असेल.

2021 ची दिवाळी झाल्यावरची गोष्ट. लॉकडाऊननंतरची पहिली मोठी सराई, तुळशीचं लग्न लागलं की आमच्या तारखा भरतात. मी पण तुमच्यासारखाच लॉटमधला पीसी घेतलेला, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मशीन चांगलं होतं. मग डोक्यात आलं की कार्ड टाकलं तर रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल, लवकर होईल. कार्ड घेतलं ते जादा पॉवरची 6 पिनची वायर लागणारं, त्याच्यासाठी नवा एसएमपीएस आला. तो त्या कॅबिनेटमध्ये मावतच नव्हता म्हणून बाहेर टेबलावर ठेवायचं ठरवलं, अन् प्लग बघितला तर नव्याचा 24 पिनचा लांबडा अन् बोर्डावरची जागा इवलीशी.

मग मी सर्व्हिस सेंटर गाठलं, संभाजीनगरचं. सकाळच्या गाडीनं गेलो. काउंटरवरच्यानं सिरियल नंबर टाकला अन् म्हणला, हे मशीन बंगळूरच्या कंपनीच्या नावावर आहे, मालकी बदलल्याचा कागद आणा. लॉटमधल्या मशीनचा असला कागद कोण देतो? तरी दुकानाचं बिल घेऊन दुसऱ्यांदा गेलो. आता म्हणाले वॉरंटी संपली, पार्ट बंद झाला, मेल करा. मी म्हणलं पार्ट राहू द्या, एवढंच सांगा की या प्लगच्या कोणत्या पिनीला किती व्होल्ट येतात. "ते आम्ही सांगत नसतो." दोन दिवस दुकान बंद, गाडीभाडं वेगळं, अन् हाती एक ओळीचं उत्तर नाही. मी फुकट काही मागत नव्हतो हो, पैसे घेऊन उभा होतो. त्या एका उत्तरानं माझं सगळं नुकसान टळलं असतं. आजही तो काउंटर आठवला की जीव जळतो.

खरी चूक मात्र त्याच्या पुढची, अन् ती माझीच. ऑनलाइन अडॅप्टर केबल मिळत होती, 24 पिनचा प्लग त्या बारक्या प्लगात नेणारी, पण यायला बारा दिवस लागणार होते. माझ्याकडं दोन लग्नांचं काम पडलेलं. गावातला एक टेक्निशियन पोरगा म्हणला काका, रंगाला रंग जोडला की झालं. मी हो म्हणलं.

त्यानं जुन्या एसएमपीएसचा प्लग कटरनं कापला. पिवळीला पिवळी, काळीला काळी, जांभळीला जांभळी, प्रत्येक जोडावर काळी टेप. दोन वायरी उरल्या, त्यांच्या रंगाची वायर नव्यात नव्हतीच. त्या त्यानं अंदाजानं जोडल्या. बटण दाबलं, सीपीयूचा फॅन अर्धा फेरा फिरला, टप्प असा आवाज आला अन् जळक्या प्लॅस्टिकचा वास. बोर्डाच्या त्या कोपऱ्यात बोट लावलं तर चटका बसला.

बोर्ड गेला हे मला तेव्हाच कळलं. हार्डडिस्क पण गेली हे रात्री कळलं, दुसऱ्या पीसीला लावल्यावर. त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण तुमच्या मशीनमध्ये पण हे असंच असणार. साध्या असेंबल्ड पीसीत डिस्कची पॉवर थेट एसएमपीएसमधून येते. या ऑफिसच्या मशीनमधले बरेच एसएमपीएस बोर्डाला फक्त 12 व्होल्ट देतात, बाकीचे 5 अन् 3.3 व्होल्ट बोर्ड स्वतः बनवतो, अन् डिस्कची पॉवर वायर बोर्डावरच्या बारक्या कनेक्टरमधून निघते. झाकण उघडून ती वायर कुठं जाते बघा, लगेच कळंल. बोर्डावरचा तो भाग जळाला की 12 व्होल्ट सरळ 5 च्या लाईनवर जाऊ शकतात, माझ्यात तेच झालं. त्या डिस्कवर दोन्ही लग्नांचं फुटेज होतं अन् कॅमेऱ्याची कार्डं मी पुढच्या शूटिंगसाठी फॉरमॅट करून बसलेलो.

परभणीत एक मोबाईल रिपेअरिंगवाले आहेत, त्यांनी वाचवलं. डिस्क उलटी करून खालची हिरवी प्लेट स्टार स्क्रूड्रायव्हरनं काढली, मल्टीमीटर बीपवर ठेवून 5 व्होल्टच्या तोंडाशी असलेल्या तांदळाएवढ्या काळ्या पार्टवर दोन्ही टोकं लावली, तर मीटर सलग वाजायला लागलं. तो टीव्हीएस डायोड. जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो अन् पुढचं सर्किट वाचवतो. त्यांनी गरम हवेनं तो उचलून काढला, डिस्क फिरली. सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर घेतला अन् ती जुनी परत कधीच वापरली नाही, कारण डायोड काढल्यावर तिला संरक्षण राहत नाही. हे घरी करायला सांगत नाही, माझं नशीब होतं म्हणून प्लेटीवरचं बाकी काही जळालं नव्हतं. तोपर्यंत अकरा दिवस गेले होते. म्हणजे ती केबल मागवली असती तरी एवढाच वेळ लागला असता. एका पार्टीनं अल्बम दुसरीकडं दिला, त्या घरातलं पुढचं कार्य पण माझ्याकडं आलं नाही.

आता तुमच्याबद्दल. मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधू नका, पिना मोजा. डेलचा 2012 चा ऑप्टिप्लेक्स 7010 घ्या, त्याला नेहमीचा 24 पिनचा प्लग आहे, अन् त्याच्यानंतरच्या 7020 ला 8 पिनचा. एचपीच्या एलिटडेस्क 800 जी-वनला 6 पिनचा. लेनोव्होच्या थिंकसेंटरमध्ये 14 पिनचे निघतात. अन् पिना सारख्या दिसल्या म्हणजे वायरिंग सारखं, असं पण नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डेलच्या काही मशीनमध्ये प्लग हुबेहूब साधा दिसायचा पण आतली वायरिंग वेगळी होती, साधा एसएमपीएस लावला की जळायचं. रंगाचं पण तेच. पीसी बंद असताना बोर्डाला जी स्टँडबायची पॉवर लागते ती साध्या एसएमपीएसमध्ये जांभळ्या वायरीवर 5 व्होल्ट असते, काही ऑफिस मशीनला तिथं 12 च्या आसपास लागते. म्हणून काही अडॅप्टर केबलींच्या मधात छोटी सर्किट प्लेट असते. ती कापून जोडलेल्या वायरीत कुठून येणार?

माझं मत विचाराल तर एसएमपीएस बदलूच नका. नवा परत करा. तुमच्या बारक्या मशीनमध्ये बहुतेक 240-255 वॅटचा असंल, लेबल बघा. आय-फाइव्ह 4570 सारखा प्रोसेसर 84 वॅटचा आहे, त्याच्यावर 30-40 वॅटचं कार्ड आरामात चालतं. कार्ड असं घ्या की ज्याला वेगळी पॉवर वायर लागत नाही अन् ज्याच्यासोबत लो प्रोफाइल ब्रॅकेट (बारक्या कॅबिनेटात बसणारी बुटकी पट्टी) येतं. बोर्डावरच्या कार्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात असं सगळे सांगतात, पण काही बारक्या मॉडेलांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा त्याहून कमी दिलेली असते, तेवढं मॅन्युअल उघडून बघा. दुकानदार तुम्हाला जीटी 1030 दाखवंल, ते एडिटिंगसाठी घेऊ नका. त्याच्यात व्हिडिओ एन्कोड करायचं, म्हणजे दाबून फाइल बनवायचं, हार्डवेअरच नाही, शिवाय 2018 ला डीडीआर4 वालं आलं ते आधीच्यापेक्षा बरंच हळू आहे अन् डब्यावर नाव तेच. मी आता सेकंडहँड क्वाड्रो पी620 वापरायलोय, 40 वॅटचं, एन्कोडर आहे, माझं काम होतं. त्याला चारही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्टचे असतात, एचडीएमआयचा कन्व्हर्टर त्याच्यासोबतच मागून घ्या, सेलूत तर मला मिळाला नव्हता. नांदेडला नाही मिळालं तर हैदराबादला सिकंदराबादच्या कॉम्प्युटर मार्केटात मिळतं, आमच्याकडचे लोक देवगिरी एक्स्प्रेसनं जाऊन येतात.

खरं तर शिकायला सुरुवातीला कार्ड लागतच नाही. आधी एसएसडी अन् 16 जीबी रॅम करा. रॅम घेताना स्वस्तातली 'एएमडी ओन्ली' असली डीडीआर3 घेऊ नका, इंटेलच्या बोर्डावर चालत नाही अन् दुकानदार परत घेत नाही. मोबाईलचं एच.265 फुटेज (जास्त दाबलेला व्हिडिओ) या प्रोसेसरवर अडकत अडकत चालतं, ते जुन्या एच.264 मध्ये करून घ्या, किंवा एडिटिंगसाठी त्याच्या हलक्या प्रॉक्सी (कमी क्वालिटीच्या कामापुरत्या कॉप्या) बनवायला पोरीला शिकवा, तेवढं शिकलं तरी तिला पुढं उपयोगी पडंल. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला अन् विंडोज 11 इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढंच अधिकृत आहे, म्हणून तर कंपन्यांनी एवढे जुने लॉट बाजारात ओतलेत. मशीन परत घेतलं जात असंल तर थोडे पैसे घालून आठव्या जनरेशनचा टॉवर घ्या, बारकं कॅबिनेट नकोच. नसंल घेत तर आहे त्यात भागतं.

फॅन बदलायचा झाला तर तो पण थांबून. काही डेलमध्ये फॅनचा कनेक्टर 5 पिनचा असतो, साधा फॅन लावला की प्रत्येक वेळी फॅन फेल झाल्याचा मेसेज येऊन एफ-वन दाबावं लागतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) मात्र मार्चच्या आत बदलून घ्या, आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होतं तुम्हाला सांगायला नको.

त्या पोराला मी दोष देत नाही, त्याला जे माहीत होतं ते त्यानं केलं. तुम्ही तेवढं आज त्या दुकानदाराला नाही म्हणा. झाकण उघडा अन् तीन फोटो टाका: बोर्डावरचा मोठा प्लग वरून, क्लिप दिसंल असा, एसएमपीएसचं लेबल, अन् डिस्कची पॉवर वायर जिथून निघते ती जागा. प्लग ओढायच्या आधी मेन वायर काढा अन् पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. मी दुकान बंद करून साडेनवानंतर बघतो, आज रात्रीच सांगतो.