कॉलेजच्या मुलांना माहितीचा स्रोत तपासायला कसं शिकवावं? मुखपृष्ठ, प्रस्तावना, तळटिपा धरून शिकवल्याचा उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदवीच्या मुलांना चेकलिस्ट दिली की ती नुसत्या खुणा करून मोकळी होतात. त्यापेक्षा मजकुराच्या आजूबाजूला जे छापलेलं असतं ते धरून शिकवलं तर जमेल का, आणि त्याला गुण कसे द्यायचे.

जमतं. पदवीच्या मुलांना हे दुसऱ्या कुठल्याही वाटेनं इतकं लवकर कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. मी बेळगावातल्या एका पदवी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. याच मुद्द्यावरून स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं भांडत आलोय, तेव्हा उत्तर लांबणार.

आधी मुलं वाचतात काय ते बघा. आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सची दुकानं आहेत. परीक्षा आली की तिथं युनिटवार गठ्ठे मिळतात, स्टेपल मारलेले. कुठल्या पुस्तकातलं प्रकरण, कुणी लिहिलेलं, कोणत्या सालचं, काही नाही. पान १४३ पासून सुरू होतं आणि १६८ ला संपतं. तीन वर्षांत एकदाही शीर्षकपान न बघता मुलगा बी.ए. होतो, आणि मग आपण त्याला विचारतो की बाबा, तू स्रोत का तपासत नाहीस? त्याच्या हातात स्रोत आलाच कधी? औषधाच्या पट्टीची मागची चंदेरी बाजू सोलून नुसत्या गोळ्या हातावर ठेवायच्या आणि एक्स्पायरी वाच म्हणायचं, असला हा प्रकार आहे. आता चॅटजीपीटीचं उत्तर कॉपी करून आणतात, त्याला तर सोलायलाही काही नसतं.

जेरार जेनेत या फ्रेंच अभ्यासकानं १९८० च्या दशकात याची नीट मांडणी केली. शीर्षक, लेखकाचं नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, टिपा, मलपृष्ठावरचा मजकूर या सगळ्याला त्यानं पॅराटेक्स्ट म्हटलं. पुस्तकाला चिकटलेलं एक आणि पुस्तकाबाहेरचं, म्हणजे मुलाखती, पत्रं, जाहिराती, हे दुसरं, असे दोन भाग केले. तो साहित्याबद्दल बोलत होता. माहिती तपासायला शिकवताना हीच मांडणी फार कामाला येते, कारण यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी तिथं ठेवलेली असते. ‘का ठेवली असेल?’ एवढं मुलांना विचारत राहायचं.

आता माझा अनुभव.

ऑक्टोबर संपत आला की सीमाभागात फोन तापतात. एक नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. दोन्हीकडच्या ग्रुपवर जुन्या पानांचे फोटो फिरायला लागतात. अशाच दिवसांत खानापूर तालुक्यातला एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला आणि फोन पुढं केला. ‘सर, ब्रिटिशांच्या पुस्तकातलंच पान हाय, खोटं कसं असंल?’ लोकसंख्येच्या आकड्यांचं इंग्रजी पान होतं, वर लाल अक्षरात बेळगाव कुणाचं ते ठणकावून लिहिलेलं. शेजारच्या टेबलावर बैलहोंगलची एक मुलगी बसली होती. ती उठून आली आणि कन्नडमध्ये म्हणाली, हे पान माझ्याकडेही आहे. तिनं दाखवलं. पान तेच, फक्त तिच्या फोटोत खालचा भाग होता आणि याच्या फोटोत वरचा. तिच्या पानावरचा लाल मजकूर बरोबर उलटा.

मी त्यांना खरं-खोटं काही सांगितलं नाही. संदर्भ विभागातून गॅझेटियरचा, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहिती देणाऱ्या जुन्या ग्रंथाचा, खंड काढला. जाडजूड, पुठ्ठ्याचा कणा सैल झालेला. म्हटलं, तुमचं पान शोधा. बराच वेळ लागला, कारण दोघांच्याही फोटोत बाहेरचा समास कापलेला होता. त्या गॅझेटियरच्या समासात प्रत्येक पानाशेजारी बारीक टाइपात प्रकरणाचं नाव छापलेलं असतं. तेवढी बोटभर पट्टी ठेवली असती तर पान लगेच सापडलं असतं. शेवटी आकडे जुळवून जुळवून सापडलं.

मग म्हटलं, आता पुढं वाचू नका, मागं जा. शीर्षकपान काढा. त्यावर मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, खंड २१, बेळगाव, सरकारी आज्ञेवरून, गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस, १८८४. मुलीनं विचारलं, लेखक कोण? हाच प्रश्न मला हवा होता. त्या पानावर लेखकाच्या नावापेक्षा सरकारची आज्ञा ठळक असेल, तर हे पुस्तक कुणासाठी लिहिलंय? कारभार हाकणाऱ्या अंमलदारांसाठी. १९५६ साली कुठला तालुका कुठल्या राज्यात जाईल याचा त्यांच्या डोक्यात विचारसुद्धा असणं शक्य नव्हतं.

मग साल. पुस्तक १८८४ चं, म्हणजे हाताशी होती ती १८८१ ची जनगणना. मग अनुक्रमणिका. तिथं तालुक्यांचं प्रकरण आहे. मुलगी बैलहोंगल शोधायला लागली. तालुक्यांत बैलहोंगल नाहीच. संपगाव आहे, परसगड आहे. तिचं गाव तेव्हा संपगाव तालुक्यात होतं. मुलाला म्हटलं, आता तू रामदुर्ग आणि रायबाग शोध. ते त्या जिल्ह्यात नव्हतेच. रामदुर्ग वेगळं संस्थान, रायबाग कोल्हापूरकडं. संस्थानं विलीन झाली तेव्हा ते बेळगाव जिल्ह्याला जोडले गेले. उलट चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, देताना ‘चंदगड तालुका वगळून’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणून चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे.

म्हणजे त्या पानावरचा ‘बेळगाव जिल्हा’ आणि या दोघांच्या डोक्यातला बेळगाव जिल्हा हे एक नव्हेत. आकडे खरे, पान खरं, आणि तरीही दोघांच्या लाल मजकुराला त्या पानाचा आधार नाही. हे त्यांना पानातल्या मजकुरानं सांगितलं नाही. शीर्षकपान, साल, समास आणि अनुक्रमणिका यांनी सांगितलं. मुलगी शीर्षकपानाचा फोटो काढून गेली. मुलगा पुढच्या आठवड्यात सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या अहवालाचं म्हणून फिरणारं एक पान घेऊन आला, आणि आल्या आल्या विचारलं, ‘सर, ह्याचं पहिलं पान कुठं मिळंल?’ मला एवढंच शिकवायचं होतं. आयोग नेमला १९६६ मध्ये, अहवाल आला १९६७ मध्ये. महाराष्ट्रानं तो नाकारला, कर्नाटक त्यावरच बोट ठेवतं. अशा कागदाचा अर्धा तुकडा कोण फिरवतोय आणि कुठं कापून फिरवतोय, हे बघितल्याशिवाय त्यातलं एक वाक्यही तोंडी घेऊ नये. आपल्या बाजूचं असलं तरी नाही. मी मराठी माणूस आहे, घरातली माणसं सत्याग्रहाला गेलेली आहेत. कापलेल्या पानांनी आपली बाजू बळकट होते असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी भांडत राहणार.

हे सगळं मी एकदा स्टाफ मीटिंगमध्ये मांडलं आणि पहिल्या वर्षाला ग्रंथालयाचा एक तास मागितला. आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, ‘मुलांनी मजकूर वाचावा. बाकीचं छापखान्याचं काम आहे, आणि ग्रंथपालानं पुस्तकं द्यावीत.’ सगळे हसले. मला ते वाक्य आजही खटकतं. आपल्या देशात छापखान्याच्या कामाला कायद्यानं अर्थ दिलेला आहे. १८६७ च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स (पीआरबी) कायद्यापासून पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठं छापलं, हे देणं बंधनकारक होतं. इंग्रजांना बंडखोर छापखाने पकडायचे होते हे खरं, पण त्यातून वाचकाला जबाबदार माणसाचं नाव मिळालं. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाला ‘पीआरबी कायद्यानुसार संपादनाची जबाबदारी यांच्यावर’ अशी ओळ असते ना, ती याच कायद्याची. आता २०२३ चा नवा कायदा आलाय. मुलांना ती ओळ भिंगानं वाचायला लावा. घरी रोज पेपर येत असूनही बहुतेकांनी ती कधी वाचलेली नसते.

निवडणुकीत तर याहून सोपं साहित्य फुकट घरी येतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-अ: निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्याकडे पत्रकं मराठीत येतात, कन्नडमध्ये येतात, एकाच उमेदवाराची दोन्ही भाषांत येतात. मुलांना गोळा करून आणायला सांगा आणि नावाची आणि बिननावाची अशा दोन ढिगांत लावायला सांगा. मग दोन्ही ढिगांतली भाषा वाचायला लावा. निनावी ढिगात कसला मजकूर सापडतो ते त्यांचं त्यांनाच बघू दे.

विज्ञानाच्या मुलांना वाटतं हे आर्ट्सवाल्यांचं. त्यांना लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला १९९८ चा वेकफिल्डचा लेख द्या, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला तो. बारा मुलांवरचा अभ्यास. २०१० मध्ये लॅन्सेटनं तो मागे घेतला, आणि आज मूळ जागेवरून उतरवला तर पानापानावर लाल अक्षरात तसा शिक्का दिसतो. पण मजकूर उचलून दुसरीकडं चिकटवला की शिक्का गळून पडतो. लेखातलं एक अक्षर बदललेलं नाही, बदललंय ते त्याच्यावर आडवं छापलेलं. आता सांगा, मजकूर वाचा आणि बाकीचं सोडा म्हणणाऱ्यांनी या लेखाचं काय करायचं?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, आणि ती आधीच सांगायला हवी होती. छापील पुस्तकात हे जितकं चालतं तितकं वेबसाइटवर चालत नाही. तिथं रुबाबदार लोगो, ‘आमच्याविषयी’चं पान, संपादक मंडळाची यादी, सगळं कुणीही उभं करू शकतो. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला: दहा इतिहासकार, दहा फॅक्टचेकर आणि त्यांच्याच विद्यापीठाचे पंचवीस विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी साइटवरच रेंगाळले आणि दिखाव्याला फसले. फॅक्टचेकर लगेच बाहेर पडले आणि या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते शोधलं. म्हणजे वेबवर जेनेतचा दुसरा भाग, बाहेरचा, आधी बघायचा. पैसे घेऊन छापणाऱ्या बोगस जर्नलांचंही तेच, त्यांचं मुखपृष्ठ खऱ्या जर्नलपेक्षा जास्त चकचकीत असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर निदान दोन बाणांची, म्हणजे मेसेज अनेकदा फॉरवर्ड झाल्याची, खूण बघायला शिकवा. तेवढाच त्या मेसेजचा समास शिल्लक असतो.

गुणांचं म्हणाल तर मी परीक्षेच्या गुणांत पडत नाही. एक नियम मात्र लावून घेतलाय आणि काही प्राध्यापकांनी तो असाइनमेंटला मान्य केलाय. कुठल्याही प्रकरणाची झेरॉक्स काढताना आधी शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू काढायची, मग प्रकरण. ती दोन पानं जोडलेली नसतील तर असाइनमेंट परत. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यातला फरक मुलांना या दोन पानांतूनच कळतो. पंधराव्या पुनर्मुद्रणाचं साल बघून पुस्तक ताजं समजणारी मुलं मग पहिल्या आवृत्तीचं साल शोधायला लागतात. तुमच्या विद्यापीठात अंतर्गत गुणांची पद्धत कशी आहे त्यावर बाकीचं तुम्ही ठरवा.

आणि तुम्ही स्वतः ग्रंथालयात असाल तर बाईंडरकडं लक्ष ठेवा. मासिकांचे वर्षाचे खंड बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत आहे, खंड जाड होतो म्हणून. आमच्या जुन्या दिवाळी अंकांचे खंड असेच भादरलेले आहेत. त्या अंकाला पैसा कुठून आला, तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून, साखर कारखान्याकडून की सहकारी बँकेकडून, हे आता कुणाला कळणार नाही. मी ते थांबवलं तेव्हा त्याच ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं होतं, जाहिराती कुणी वाचायला येणार आहे का? आमची एक विद्यार्थिनी सध्या सीमाभागातल्या नियतकालिकांवर पीएच.डी. करतेय आणि जाहिराती राहिलेल्या खंडांपाशीच तिचा सगळा वेळ जातो. ज्या वर्षांचे खंड भादरलेले आहेत, त्यांच्यासाठी तिला घरोघरी जुने अंक मागत फिरावं लागतंय. बाईंडरला कव्हर आणि जाहिरातींसकट बांधायला सांगा, आणि ऑर्डरवर तसं लिहून द्या. तोंडी सांगितलेलं ते विसरतात.