निवडुंगापासून सुरुवात

प्रश्न : नोकरीसाठी मेक्सिको सिटीत येऊन महिना झाला. मी शाकाहारी आहे. ताई, इथलं अनोळखी खाणं कशापासून सुरू करू?

उत्तर : निवडुंगापासून कर. आपल्याकडे कुंपणाला असतो ना फड्या निवडुंग, त्याच जातीचा हा नोपाल. बाजारात काटे काढून मिळतो. भेंडीसारखी तार सुटते, पण तव्यावर खरपूस भाजलास की चिकटपणा जातो. मीठ, लिंबू पुरे.

पावसाळ्यात मात्र वित्लाकोचे चुकवू नकोस. मक्याच्या कणसावर वाढणारी ही करडी-काळी बुरशी. पहिल्यांदा पाहून मी बशी बाजूला सारली होती. कोपऱ्यावर केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली पोळी, विकणाऱ्या मावशींनी निळ्या मक्याच्या पोळीत, एपासोतेचा पाला घालून पुन्हा दिली. अळंबीसारखी, मातकट, किंचित गोड! तेव्हापासून मी पावसाची वाट बघते. भोपळ्याच्या फुलांचा केसादियाही घे, घरच्या भज्यांची आठवण येईल. चीज हवं तर ‘कोन केसो’ सांग. या शहरात ते गृहीत धरत नाहीत.

एक जपायचं : राजम्यासारख्या फ्रिहोलेसमध्ये आणि तामालेसमध्ये, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या पिठाच्या गोळ्यांत, बऱ्याचदा डुकराची चरबी असते. आधी विचार, ‘येवा मांतेका?’, म्हणजे यात चरबी आहे का? भातसुद्धा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो.