शेताभोवती खंदक, पण किल्ला नव्हे

तुम्ही विचारलंय, इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या तुमच्या घरामागच्या शेतात पाण्याने भरलेला चौकोनी चर आहे, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशावर तिथे प्राचीन अवशेषांसाठी वापरतात त्या गॉथिक अक्षरांत नावही आहे, मग हा किल्ला होता का? आणि गाळावरून त्याचं वय काढता येईल का?

किल्ला नसावा. खंदक म्हटलं की आपल्याला नगरचा भुईकोट आठवतो, म्हणून हा गोंधळ होतो. इंग्लंडात असे सुमारे ६,००० खंदकवाडे माहीत आहेत. त्यातले पुष्कळसे १२५० ते १३५० दरम्यानचे, आणि चिकणमातीच्या मध्य व पूर्व भागात त्यांची दाटी. आत जमीनदाराचा लाकडी वाडा, धान्याचं कोठार, गोठे. तटावर चर्या, म्हणजे दातेरी कठडे, चढवायच्या तर राजाचा परवाना घ्यायची रीत होती. खंदकाला तसलं काही लागत नसे, त्यामुळे मजुरीच्या खर्चात बडेजाव मिरवता यायचा. वर मासे पाळता यायचे, भुरट्या चोरांनाही आळा बसायचा. आतली जमीन कोरडी राहावी म्हणून खंदक खणले, असंही म्हणतात. मला ते अर्धंच पटतं, कारण बऱ्याच ठिकाणी आतला चौथरा भोवतालच्या शेतापेक्षा फारसा उंच नसतो. आयर्लंडची गोष्ट वेगळी. तिथे इंग्लंडहून आलेल्या अँग्लो-नॉर्मन लोकांच्या वसाहतीच्या सीमेवर संरक्षण ही खरीच गरज होती.

आता गाळ. इथेच बहुतेकजण फसतात. खंदक वापरात असेपर्यंत त्याचा गाळ अधूनमधून उपसला जायचा. त्यामुळे तळाशी सापडलेलं खापर खंदक कधी खणला ते सांगत नाही, शेवटचा उपसा कधी झाला एवढंच सांगतं. खणण्याचा काळ हवा असेल तर खणलेली माती चौथऱ्यावर जिथे टाकली, तिच्याखाली दबलेली जुनी जमीन शोधावी लागते. तिथली खापरं खंदकाच्या आधीची. पुलाच्या ओकच्या तुळया शाबूत मिळाल्या तर उत्तमच, वाढीच्या कड्यांवरून झाड कधी तोडलं ते ठरवता येतं.

गाळ टाकाऊ मात्र नाही. हवा न लागल्यामुळे त्यात लाकूड, कातडं, बिया, परागकण टिकतात. बुटाचा काळाकुट्ट तळवा निघतो, कडेला टाक्यांची भोकं ओळीने दिसतात, पण शिवणीचा तागाचा दोरा कुजून गेलेला असतो. असला तळवा उन्हात वाळवायचा नाही. तडकतो, आक्रसतो. ओलाच ठेवायचा.

मेटल डिटेक्टर नेण्याआधी ती जागा संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का ते बघा. असेल तर १९७९च्या कायद्याने लेखी परवानगीशिवाय डिटेक्टर फिरवणं गुन्हा आहे. नसली तरी शेतमालकाला विचारावंच लागतं. तोवर एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा लायडार डेटा, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे चढउतार, फुकट मिळतो, तो उघडा. बुजलेली चौथी बाजू किंवा शेजारचे मत्स्यतलाव त्यात बऱ्याचदा उठून दिसतात.